हनोख झिराडकरांचं झाकलेलं पान

हनोख झिराडकर शुक्रवारी सकाळी आपल्या लिहिण्याच्या खोलीत जमिनीवर पालथे पडलेले सापडले. अंग थंड पडलं होतं. दम्याचा पंप स्वयंपाकघरात फ्रिजवर होता आणि मोबाइल तिथेच चार्जरला लावलेला.

म्हातारा माणूस, जुना दमा, मेलबर्नची थंडी. अँब्युलन्सवाल्यांनी फोटो काढले, कोविडची टेस्ट घेतली, डॉक्टरांनी गुरुवार दुपारच्या मृत्यूचा दाखला दिला. रविवारी दफनही उरकलं. लॉकडाउनमध्ये दहाच्या वर माणसं जमवायला बंदी होती, त्यामुळे रडायलाही मोजकेच लोक होते.

सोमवारी फाइल डिटेक्टिव्ह नीरजा सबनीसच्या टेबलावर आली. मृताची मुलगी सिडनीहून सारखी फोन करत होती आणि तिच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती. आडनाव तुमच्याकडचं दिसतंय, तूच बघ, असं म्हणून सार्जंटने हात झटकले. नीरजा पुण्याहून इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आली, कायम राहायचा परवाना, पीआर, मिळाल्यावर पोलिसांत शिरली आणि शहराच्या पश्चिम टोकाला ट्रुगानिनात घर घेऊन बसली. एवढी वर्षं गेली तरी कुठलंही भारतीय लचांड तिच्याच गळ्यात पडायचं.

फाइलीवर आडनाव झिराडकर आणि धर्म ज्यू. टायपिंगची चूक असणार, असं तिला वाटलं. तिने फोन लावला, तर पलीकडून स्वच्छ अलिबागकडची मराठी आली.

"मी लीना झिराडकर. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. तुम्हाला शाळेत शिकवलं नसेल."

शिकवलं नव्हतं. नीरजाने ते कबूल केलं आणि मग निमूट ऐकून घेतलं.

लीना सिडनीच्या ब्लॅकटाउन भागात राहायची. राज्याची सीमा बंद, त्यामुळे बापाची माती तिने मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिली. हनोख सोफेर होते, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, तोरा, हाताने लिहिणारे. कमावलेल्या कातड्याच्या पानांवर, बोरूने, काळ्या शाईने लाखो अक्षरं लिहायची आणि ती पानं शिवून एक लांब गुंडाळी करायची. एक अक्षर चुकलं तरी ते पान बदलेपर्यंत गुंडाळी बाद. अलिबागजवळच्या एका छोट्या सिनेगॉगसाठी ते कित्येक वर्षं असा ग्रंथ लिहीत होते. थोडाच उरला होता.

"रिपोर्टात लिहिलंय की बाबा पंप विसरले. वय झालं होतं, भान राहत नसावं," लीना म्हणाली. "ते वाचून आमच्या समाजातले मोठे लोक विचारायला लागलेत की भान कधीपासून राहत नव्हतं? भ्रमिष्ट माणसाने लिहिलेला ग्रंथ चालत नाही. ते सगळं लिखाण आता जमिनीत पुरायचं म्हणतात."

"पंप कुठे ठेवायचे ते?"

"टेबलावर, शाईच्या बाटलीला लागून. मी लहान असल्यापासून तिथेच. तुम्ही खुनी शोधा असं मी म्हणत नाही. बाबा शुद्धीवर होते एवढं सिद्ध करून द्या."

टेस्टचा निकाल येईपर्यंत खोली कुलूपबंद होती. ती कुणी झाडलीही नव्हती, हे एक बरं झालं. नीरजा सगळं शहर ओलांडून हनोखच्या घरी कॉलफील्डला पोचली. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला लोकांना बंदी होती आणि रस्ते ओस पडले होते.

खोली लहान, पण नीटनेटकी. खिडकीशी टेबल. तबकात बोरू पुसून ठेवलेला, शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं. लिहिणं चालू असलेलं पान पांढऱ्याशुभ्र कापडाने झाकलेलं. आधीच्या पोलिसांचा निष्कर्ष चुकीचा वाटत नव्हता. म्हाताऱ्याने काम आटोपलं, टेबल आवरलं, स्वयंपाकघराकडे निघाला आणि वाटेत कोसळला.

मग तिने कार्पेट पाहिलं.

टेबलापासून दाराच्या दिशेने नखांचे ओरखडे होते. हनोख चालत गेलेच नव्हते, सरपटत गेले होते. ओरखड्यांच्या बाजूने काळे डाग होते, आधी गडद आणि मग फिकट होत गेलेले. अँब्युलन्सवाल्यांच्या फोटोत प्रेताच्या उजव्या हाताची बोटं काळीच होती. ओली शाई.

तिने तिथूनच लीनाला फोन केला. "लिहून झाल्यावर बाबा काय काय करायचे? अगदी क्रमाने सांगा."

"बोरू पुसायचे, बाटली बंद करायचे, मग हात धुवायचे. साबणाने, खसखसून. हात धुतल्याशिवाय पान झाकायच्या कापडाला शिवायचे नाहीत."

नीरजाने कापड उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. शाईचा ठिपका नव्हता.

"आणि पान झाकलं नाही तर?"

"असं कसं झाकणार नाहीत? त्यावर देवाचं नाव असतं. ते उघडं टाकून सोफेर खोलीबाहेर जात नाही." लीनाने उलट विचारलं. "का? झाकलेलं होतं का?"

"होतं. पण तुमच्या बाबांनी झाकलेलं नाही."

 मग नीरजानेच विचारलं की पान झाकायचं कुणाला सुचेल?  लीना म्हणाली की दुसऱ्या सोफेरलाच. इतरांना पान उघडं राहिलं काय आणि झाकलेलं राहिलं काय, सारखंच.

कॉलफील्डमध्ये हनोखच्या ओळखीचे सोफेर दोनच होते.

लॉकडाउन लागल्यापासून तिघे रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर बसायचे. कॅमेरा हातांवर धरून आपापलं लिहायचे आणि मधूनमधून अक्षरांवरून वाद घालायचे. वादाचा नियम हनोखने घालून दिला होता. दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं. समोरच्याने मान डोलावली की मगच आपलं बोलायचं. गॅब्रिएल लँडर हा नियम कधी मोडत नसे. एझ्रा मेनाशी तो कधी पाळत नसे.

प्रेत सापडलं ते एझ्रालाच. हनोख कॉलवर आले नाहीत म्हणून तो बघायला गेला होता. आणि आदल्याच आठवड्यात त्याने भर कॉलवर हनोखना आंधळं गाढव म्हटलं होतं.

नीरजा आधी लँडरकडे गेली. तो हनोखच्या समोरच राहायचा. उंच, पांढऱ्या दाढीचा, पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. व्हरांड्यात दोन खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, तोंडावर मास्क, हात जाड कोटाच्या खिशात. थंडी होती खरी. इतका सभ्य माणूस तिने पोलिसात आल्यापासून पाहिला नव्हता.

"शेवटचे कधी भेटलात?"

"गुरुवारी सकाळी, स्क्रीनवर. त्यांच्या घरात मी जुलैपासून पाऊल टाकलेलं नाही. नियम म्हणजे नियम."

"गुरुवारी दुपारी कुठे होता?"

"इथेच. लिहीत होतो."

"त्या सकाळी तुमच्या कॅमेऱ्यात काय दिसत होतं?"

"माझं तोंड. हल्ली तेवढंच दाखवतो. लॅपटॉपचा स्टँड मोडलाय."

अक्षरांबद्दल विचारल्यावर मात्र तो खुलला. हनोख आणि एझ्रा पूर्वेकडच्या परंपरेचे. त्यांची अक्षरं गोलसर, नदीतल्या गोट्यांसारखी. आपण युरोपकडचे, आपली अक्षरं चौकोनी, कोपरे कापलेले. दोन्ही तितकीच पवित्र. हनोखचं अक्षर आपल्यापेक्षा सुंदर, हे त्याने आपणहून सांगितलं. फरक आमच्यातलं शाळकरी पोरही ओळखेल, असंही म्हणाला.

नीरजाने झाकलेल्या पानाच्या शेवटच्या ओळीचा मोठा केलेला फोटो पुढे धरला. ओळ देवाच्या चार अक्षरी नावावर संपत होती. पहिली दोन अक्षरं डौलदार होती. पुढच्या दोन्हींचे कोपरे टोकदार होते आणि कडा किंचित थरथरलेल्या.

"हे लिहिणारा माणूस भानावर होता?"

लँडरने फोटो बराच वेळ पाहिला. हात खिशातच होते.

"सगळं हनोखचंच आहे. शेवटी हात कापलाय, बघा. मला सांगवत नाही, पण गेले काही महिने ते थकत चालले होते." त्याने सुस्कारा सोडला. "आणि एझ्राबद्दल काही ऐकलं असेल तर मनावर घेऊ नका. माणूस वाईट नाही. रागाच्या भरात आपण काय करतो ते त्याचं त्यालाच कळत नाही."

किती छान पाठराखण केली, बघा. एका वाक्यात माणसाला फासापर्यंत नेऊन सोडलं आणि वर त्याच्या चांगुलपणाचा दाखलाही दिला.

एझ्रा मेनाशी गॅरेजमध्ये शाई उकळत होता. मायफळ आणि डिंकाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. भायखळ्यात वाढलेला, बगदादी ज्यूंचा वंशज. नीरजाचं नाव ऐकून तो मुंबईच्या हिंदी-मराठीवर आला आणि आधीच्या पोलिसांना दोन शिव्या हासडून मग बसला.

"कमरे के अंदर गया ही नहीं मैं," तो म्हणाला. "दरवाजे से देखा. फोनवर अँब्युलन्सवाली म्हणाली, कोविड असेल, हात लावू नको."

गाढव म्हटलं होतं का, असं विचारल्यावर त्याने मुळीच नाकारलं नाही. म्हटलं, आणि पुढच्या कॉलवर पुन्हा म्हणणार होतो, असं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिघांसाठी शाई तोच बनवायचा. बुधवारी त्याने हनोखच्या दाराबाहेर नवी बाटली ठेवली होती, धुऊन पुसून, सॅनिटायझर लावून.

नीरजाने त्यालाही तोच फोटो दाखवला आणि तोच प्रश्न विचारला.

एझ्राने भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवून तो उठला, गॅस बंद केला, मास्क काढून तोंड धुऊन आला आणि पुन्हा बसला.

"मॅडम, मला तुम्ही काय विचारताय ते तुम्हाला माहीत आहे का?" त्याने विचारलं. मग एक साधा कागद ओढून त्याने बोरूने काही अक्षरं काढून दाखवली. दाखवून झाल्यावर दाराच्या चौकटीवरची छोटी डबी काढली आणि तिच्या आतला कातड्याचा तुकडा भिंगाखाली धरला. प्रत्येक ज्यू घराच्या दारावर प्रार्थनेचा असा तुकडा असतो, हा लँडरने लिहिलेला होता. तो बघत असताना एझ्राच्या तोंडून पुन्हा एक शिवी गेली, या वेळी हळू.

दोन दिवसांनी बाटलीच्या झाकणावरच्या ठशांचा निकाल आला. त्या दुपारी नीरजा एका कॉन्स्टेबलला घेऊन पुन्हा लँडरच्या व्हरांड्यात आली. फाटकाबाहेर एझ्रा उभा होता. तुम्हीही चला, तुमची गरज पडेल, असं तिनेच त्याला सांगितलं होतं.

"हनोखना लिहिता लिहिता दम्याचा झटका आला," तिने सुरुवात केली. "बोटांवर शाई ओली होती, ती कार्पेटला लागली. त्यांनी बोरू पुसला नाही, बाटली बंद केली नाही, पान झाकलं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी केलं. चोर असता तर त्याने पानाकडे ढुंकून पाहिलं नसतं. नातेवाईक असता तर तो रडला असता नाहीतर पळाला असता. मेलेल्या माणसाला तसाच टाकून पान तेवढं झाकणारा माणूस सोफेरच."

लँडरने मान डोलावली, एखाद्या वादात डोलवावी तशी. "तुमचं म्हणणं पटतं. आणि एझ्रा तिथे गेला होता."

"गेला होता. पण पान नुसतं झाकलेलं नव्हतं. झटका आला तेव्हा नाव अर्धंच झालं होतं. मागची दोन अक्षरं दुसऱ्याने लिहिली. त्यांचे कोपरे चौकोनी आहेत. एझ्रा गोल लिहितो."

"फोटोवरून असं सांगता येत नाही."

"तुम्हीच म्हणालात की शाळकरी पोरही ओळखेल. आणि तोच फोटो बघून सगळं एका हातचं आहे म्हणालात. एवढा मोठा सोफेर असं चुकत नाही. थरथर तेवढी तुम्हाला बरोबर दिसली. ती हनोखच्या माथी मारून मोकळे झालात, म्हणजे मेलेला माणूस भ्रमिष्टही ठरला. मिस्टर लँडर, खिशातून हात काढा."

तो हलला नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग त्याने हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले. दोन्ही हात कापत होते. त्याने एका हाताने दुसरा दाबून धरला, तेव्हा दोन्ही जास्तच कापायला लागले.

स्टँड मोडलेला नव्हता. तोंड दाखवायचं कारण हे होतं. कापऱ्या हाताने अक्षर फिसकटलं की तो पात्याने शाई खरवडून त्याला आकार द्यायचा. एझ्राच्या दारावरच्या तुकड्यावर भिंगाखाली ते दिसलं होतं. अक्षर लिहावं लागतं, कोरून काढलेलं अक्षर हे लिहिलेलं नव्हे, असा त्यांचा कायदा. लँडरने गेल्या काही वर्षांत लिहिलेलं सगळं बाद होतं. आणि या भागातलं जुनं लिखाण तपासायला यायचं ते हनोखकडे.

"त्यांनी ते ओळखलं," नीरजा म्हणाली. "मग कुणाला सांगितलं का नाही?"

उत्तर एझ्राने दिलं. फाटकावर हात ठेवून तो इंग्रजीत म्हणाला की चारचौघांत माणसाची मान खाली घालायला लावणं म्हणजे रक्त सांडणं, असं आमच्यात मानतात. हनोखने ते अक्षरशः पाळलं. "मला कळलं असतं तर मी गल्लीत बोंब मारली असती. मग हनोखला मारून काही उपयोग झाला नसता."

खरं होतं ते. हनोख शिवराळ असते तर जगले असते. त्यांनी सभ्यपणा केला, एकट्यात सांगितलं, आणि गुपित जाणणारं माणूस जगात एकच उरलं.

"त्याने नव्या वर्षाच्या सणापर्यंत मुदत दिली होती," लँडर म्हणाला. त्याचा आवाज अजून तितकाच मऊ होता. "तू स्वतः सांग म्हणाला, मी शेजारी उभा राहीन. मी त्याला विनवायला गेलो होतो. मारायला नाही."

"झाकणावर तुमचे ठसे आहेत, तुमच्या फाटकाच्या कडीवरच्या ठशांशी जुळले. ती बाटली बुधवारी दारात ठेवली होती आणि तुम्ही तर जुलैपासून आत गेला नव्हता. हातमोजे नव्हते का?"

"होते. काढले." त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "हातमोजे घालून नाव लिहीत नाहीत."

"पंप?"

"टेबलावर होता. नाव अर्धं झालं आणि त्याला ढास लागली. त्याने हात पुढे केला. मी पंप उचलला." त्याने हातांकडे पाहिलं. "द्यायला उचलला की काय, ते मलाही आठवत नाही. पण दिला नाही. फोनही उचलला. दोन्ही नंतर स्वयंपाकघरात नेऊन ठेवले."

"मग?"

"मग तो खाली पडला. दाराकडे जायला लागला. शाई वाळत होती. नाव अर्धं ठेवता येत नाही, म्हणून मी बसलो."

कॉन्स्टेबल लिहीत होता, तो थांबला.

"तुम्ही बसलात तेव्हा हनोख जिवंत होते?" नीरजाने विचारलं.

"हो."

"बोलत होते?"

"हाक मारत होता. गॅब्रिएल, गॅब्रिएल म्हणून. शेवटी शेवटी नुसता आवाज यायचा."

"आणि तुम्ही उत्तर दिलं नाही."

लँडरने तिच्याकडे पाहिलं. अडाणी माणसाला एखादी साधी गोष्ट समजावताना असावी तशी सहनशीलता त्याच्या चेहऱ्यावर होती.

"मी नाव लिहीत होतो," तो म्हणाला. "नाव लिहिताना राजाने हाक मारली तरी उत्तर द्यायचं नसतं."

फाटकाशी एझ्राने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हा माणूस ओरडेल अशी नीरजाची खात्री होती. तो ओरडला नाही. जीव जात असेल तर सगळे नियम मोडायचे, हे आपण पोरांना सगळ्यात आधी शिकवतो, एवढंच तो म्हणाला, तेही लँडरकडे न बघता. नीरजाला मात्र खूप राग आला होता. तो गिळून तिने लँडरला त्याचे हक्क वाचून दाखवले. गाडीत बसताना त्याने विचारलं, ते पान कुणी उघडं तर ठेवलेलं नाही ना?

संध्याकाळी तिने लीनाला फोन केला. सांगावं लागणार होतं ते सगळं सांगितलं. हाक मारल्याचं गाळायचा विचार तिने केला होता, पण उद्या कोर्टात ते परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.  लीना रडली नाही.

मग नीरजाने चांगली बातमी दिली. बाबा शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण भानावर होते, असं अहवालात जाणार. ग्रंथ बचावला. बाद झालं ते लँडरची अक्षरं असलेलं एकच पान. ते एझ्रा पुन्हा लिहून देणार, त्याची आणि बाबांची परंपरा एकच.

"आणि ते पान?"

नीरजाने हेही एझ्राला विचारून ठेवलं होतं. देवाचं नाव असलेलं पान फाडता येत नाही, जाळता येत नाही, खरवडता येत नाही. बाबांची दोन अक्षरं आणि त्याची दोन मिळून ते नाव झालंय, त्यामुळे त्यांना कापून वेगळंही करता येत नाही. खटला संपला की ते पुरायचं. रीत अशी की असं पान एखाद्या सोफेरच्या कबरीला लागून पुरतात. बाबांना पुरलं त्या दफनभूमीत सोफेरची कबर एकच आहे.

लीनाला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे त्याच्या हातचं बाबांच्या उशाशी ठेवायचं," ती म्हणाली.

"तशी रीत आहे म्हणतात."

"एवढा मोठा देश आहे," लीना म्हणाली. "कुठंतरी लांब पुरा म्हणावं."

 फोन तिने चालूच ठेवला, आणि नीरजानेही तो कापला नाही.